थर्माकोलच्या ताटल्यांची धर्ममाता

आमच्या गावात मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की जेवणावळ घालावीच लागते, आणि एकट्या आईबापांना ती झेपत नाही. मग गावातली एकेक बाई मुलीची धर्ममाता होऊन एकेका गोष्टीचा खर्च अंगावर घेते. केकची एक, बँडची एक, थर्माकोलच्या ताटल्यांची एक. माझ्या लेकीसाठी, यारेलीसाठी, ताटल्यांचं काम शेजारच्या दोमितिलाने मागून घेतलं. बाई तोंडाची फटकळ, पण शब्दाची पक्की, म्हणून मी निर्धास्त होते.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला एकाच माणसाला पोटभर जेवू घालायचं होतं. माझ्या सासूबाईंना, एर्मिनियाबाईंना. माझ्या लग्नापासून त्यांनी आमच्या घरचा घास तोंडात घातला नव्हता. का, ते कधी बोलल्या नाहीत. मी काळी, बिनजमिनीच्या घरची, म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. नातीसाठी मात्र त्या यायला तयार झाल्या. सुक्या मिरच्या वाटून मी स्वतः मोलेचा रस्सा केला, त्यात टर्की शिजवली. त्यांनी तो खाल्ला की इतक्या वर्षांची अढी सुटेल, एवढीच आशा होती.

चर्चमधून मंडळी अंगणात आली, तेव्हा दोमितिला रिकाम्या हातांनी उभी.

"ताटल्या कुठायत?" मी विचारलं.

"नाही आणल्या. सगळ्यांना सांगितलंय, आपापलं भांडं घेऊन या. दर समारंभानंतर ओढा कशानं तुंबतो, माहितीये ना? ती घाण माझ्या दारात येते, तुझ्या नाही."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तू दुकानात धावली असतीस."

"अगं बये, पाहुण्यांना भांडी घरून आणायला लावलीस? गावात नाक कापलंस माझं."

"नाक आहे जागेवर. डाव घे हातात."

रांग लागली होती, मी डाव घेतला. ती रांग बघून तर उरलासुरला जीवही गेला. भांडं आणा म्हटल्यावर आमचे लोक ताटली थोडीच आणतात? झाकणाची पातेली, मोठाले डबे, एकीच्या हातात चक्क बादली. उरलेलं अन्न बांधून न्यायची रीत आहेच आमच्याकडे, आज तर त्यांना आमंत्रणच मिळालं होतं. "आजीपुरतं घाल गं." "धाकटा कामावर आहे, त्याचंही घाल." लेकीच्या पंधराव्या वाढदिवशी नाही कसं म्हणायचं? मी वाढत गेले.

सासूबाई सगळ्यात शेवटी आल्या. हातात कडा उडालेली इनॅमलची ताटली. मी डाव घातला, तो तळाला खरवडला. रस्सा संपला होता.

"माफ करा सासूबाई," मी म्हणाले. "थर्माकोलच्या ताटल्या असत्या तर सगळ्यांना पुरला असता."

"त्या असत्या तर मी आल्या पावली परत गेले असते."

मला काही कळेना. त्या शांतपणे बोलत होत्या, म्हणून जास्तच भीती वाटली.

"तुझ्या लग्नात सगळ्यांना चिनी मातीच्या बशा होत्या," त्या म्हणाल्या. "मी नवऱ्या मुलाची आई. दिवसभर चुलीपाशी राबले. शेवटी बसले, तर बशा संपल्या म्हणून मला थर्माकोलच्या ताटलीत वाढलं. ती वाकली, मोडली, आणि सगळा रस्सा माझ्या नव्या झग्यावर. कुणी जागचं हललं नाही. फेकून द्यायच्या ताटलीत वाढलं, तेव्हाच कळलं माझी किंमत काय ते. तू समोरच बसली होतीस."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी आठवून आठवून पाहिलं. नवरा आठवला, बँड आठवला, माझी फुलं आठवली. त्या कुठेच आठवल्या नाहीत.

"मी पाहिलंच नाही," मी म्हणाले.

"तेच तर."

मग त्यांनी एक तोर्तिया, मक्याची पोळी, मोडली, पातेल्याच्या तळाला फिरवली आणि तोंडात घातली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. तो घास त्यांनी गिळल्यावर मी दुसरी तोर्तिया मोडून त्यांच्या हातात दिली.