परसातल्या तळ्यावर कानबाई

नदीकडे गेलेल्या ताशांचा आवाज पुन्हा घराकडे यायला लागला, तेव्हा सुलक्षणाचा राखेने भरलेला हात तव्यावर तसाच थांबला.

श्रावणातला सोमवार होता. काल घरोघरी खानदेशची देवी कानबाई बसली, रात्र गाण्यांत गेली, भाऊबंदांनी नैवेद्याचे रोट खाल्ले, आणि आज सकाळी अमळनेरच्या त्या गल्लीतल्या सगळ्या कानबाया पाटांवर बसून, बायकांच्या डोक्यांवरून वाजतगाजत बोरी नदीला निघाल्या होत्या. विसर्जन नदीवरच व्हायचं. कुणाच्या आठवणीत ते दुसरीकडे झालेलं नव्हतं. सुलक्षणा खरकट्या भांड्यांसाठी मागे राहिली होती आणि तिची मोठी जाऊ कुंदाबाई गुडघ्यांसाठी.

"परत का येताहेत हे लोक, अक्का?"

"काही इसरनं व्हई," मागच्या पायरीवर पाय पसरून बसलेली कुंदाबाई म्हणाली.

पण विसरलेली वस्तू न्यायला कुणी अख्खी गल्ली घेऊन येत नाही. बोळाचं फाटक उघडलं आणि सगळ्यात पुढे आला प्रेमराज, सुलक्षणाचा नवरा. कपाळभर गुलाल, अंगात लग्नातल्या व्याह्याचा रुबाब.

"नदीला पूर आलाय! घाटावर दोर बांधलाय, कुणाला खाली सोडत नाहीत. बाया रडकुंडीला आलेल्या. मी म्हटलं, चला माझ्याकडे, आपलं तळं कशासाठी आहे?"

आपलं तळं! सुलक्षणाला पहिला धक्का बसला तो या शब्दाचाच. गेली दोन वर्षं हा माणूस त्याला 'तुझा खड्डा' म्हणत आला होता.

खड्डा तर खड्डाच होता म्हणा. दोन बाजा शेजारी शेजारी टाकता येतील एवढा. शेतातली काळी माती आणून तिने त्याला आतून अस्तर केलं होतं, अनवाणी पायांनी थरावर थर तुडवून. पहिल्या खेपेला पाणी भरायला उशीर केला, तर ऊन लागून मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. पुन्हा तुडवली. नळाच्या औषध टाकलेल्या पाण्यात काही जगेना, म्हणून पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीने आत वळवलं. काठाला वाळा लावला, मध्ये कमळाचा एक कंद सोडला. पहिल्या उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं. गल्ली नाकाला पदर लावून जायची. "डास पाळले का वं?" शेजारची पुष्पाबाई भिंतीवरून विचारायची. सुलक्षणाने पाण्याला हात लावला नाही. काही उपसलं नाही, काही टाकलं नाही, नुसती वाट पाहिली. मग एके दिवशी पाणी आपोआप निवळलं. नदीतून आणलेले बारीक मासे दिसायला लागले. चतुर आले, बेडूक आले. त्यांना बोलावणं कुणी धाडलं, देव जाणे.

आज तीच पुष्पाबाई डोक्यावर कानबाई घेऊन काठाशी उभी होती. "भाग्य उजळलं बाई तुझ्या तळ्याचं! गंगा झाली!"

मागून माणसं येतच होती. वीसेक कानबाया. प्रत्येकीच्या पाटावर हळद-कुंकवाचे ढीग, झेंडूच्या माळा, तेलाने निथळणारे कणकेचे दिवे, पत्रीच्या टोपल्या. पोरं मुठीमुठीने गुलाल उधळत होती. एका चपलेने वाळ्याचा गड्डा आडवा केला. काठावरची ओली माती दहा टाचांखाली सरकली आणि ढेकूळ पाण्यात पडलं. डुबुक! मासे एकदम खोल गेले.

हे सगळं या दोन बाजांएवढ्या पाण्यात जाणार. तेल, रंग, पीठ, फुलं. आणि मग बाया पायांनी उतरणार, तुडवलेलं अस्तर फाटणार, आणि संध्याकाळपर्यंत खाली नुसता मुरूम उरणार. सुलक्षणाला ते आत्ताच झाल्यासारखं दिसलं.

"चला, पहिला मान पुष्पावहिनींचा," प्रेमराज म्हणाला.

"नाही."

कोण बोललं म्हणून सुलक्षणानेच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

ताशा अडखळून थांबला. तीस वर्षांत तिने चार माणसांत नवऱ्याचं वाक्य खोडलं नव्हतं. आज खोडलं ते देवीसमोर.

"काय म्हणालीस?" प्रेमराजचा चेहरा गुलालाखालीही उतरलेला दिसला.

"यात नको. यात जीव आहेत. मरतील सगळे."

"कानबाईले नही म्हनस?" पुष्पाबाईचा आवाज आता भिंतीवरचा नव्हता, घरात घुसलेला होता. "बेडकं मोठी झाली का देवीपेक्षा? पोरंबाळं आहेत ना गं तुला?"

त्या शेवटच्या वाक्यासरशी सुलक्षणाने नकळत देवीला हात जोडले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणी तरी "शिव शिव" म्हणालं. प्रेमराज तिचं मनगट धरून म्हणाला, "बाजूला हो. लाज घालवू नकोस." आणि ती झाली असती. खरंच झाली असती.

तेवढ्यात पायरीवरून किंकाळी आली.

कुंदाबाई उभी होती. जी सकाळी भिंत धरूनसुद्धा उठत नव्हती, ती कशाचाही आधार न घेता उभी होती. अंबाडा सुटलेला, डोळे फिरलेले, अंग पिंपळाच्या पानासारखं थरथरत होतं. ज्या बाईने चाळीस वर्षं अंगात येणाऱ्या बायांना "नाटकं" म्हणून नाक मुरडलं, ती कुंदाबाई घुमत होती!

"थांबा! आठे माले उतरनं नही!"

पुष्पाबाईच्या डोक्यावरचा पाट कलंडता कलंडता राहिला. प्रेमराजने सुलक्षणाचं मनगट सोडलं आणि थोरल्या वहिनीपुढे थेट जमिनीवर डोकं टेकलं. "आई, काय चुकलं?"

"चपटा दगडखाले बेडकी शे. पोटुशी शे! पोटुशीना घरमा नाचतस का रे तुम्ही?"

बाया दोन पावलं मागे सरल्या. कडेवर पोर असलेली एक जण तर फाटकापर्यंत गेली.

"कमळनं पान काल दुमडनं. कोनी देखं नही. मी देखं! मी रोज देखस!"

सुलक्षणाच्या अंगावर सरसरून काटा आला. पान दुमडलेलं होतं. तिने स्वतः ते आज सकाळी पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"घागरमा पानी काढा. मी घागरमा जासू. काठवर पाय देना नही!"

मग काय विचारता! ज्यांना दोर बांधून नदीवर थांबवावं लागलं, ते सगळे एका शब्दात मागे हटले. घंगाळ आलं, घागर आली. सुलक्षणाने कडेकडेने पाणी भरून दिलं. एकेक कानबाई घंगाळात न्हाली, एकेकीची फुलं, पत्री टोपलीत पडली. पुष्पाबाईने तर चप्पल काढून हातात धरली आणि भिंतीला चिकटून वाट काढली. जाताना प्रत्येक जण कुंदाबाईच्या पाया पडत होता, आणि ती डोळे मिटून घेत होती, जरा जास्तच घट्ट.

फाटक लागलं. ताशा लांब गेला. प्रेमराज कुणाकडे न पाहता टोपल्या घेऊन बाहेर पडला.

सुलक्षणाने पाण्याचा तांब्या पुढे केला. कुंदाबाई घटाघटा प्यायली, अंबाडा बांधला, पुन्हा गुडघे धरून "आई गं" करत पायरीवर बसली.

"अक्का, ती बेडकी... तुम्हाला कसं..."

"कोनती बेडकी?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता."

"मी नही म्हनं. देवी म्हने. तिलेच इचार."

सुलक्षणाने रिकामा तांब्या उचलला. दुपारी सगळं घर झोपलं की ही म्हातारी पायरीवर येऊन बसायची. वारा लागतो म्हणायची. मागच्या पायरीला कसला आलाय वारा, हे सुलक्षणाच्या आजपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं.

ती काठाशी गेली, ढासळलेल्या जागेला हातानेच ओली माती थापली. मग चपट्या दगडाशी वाकून आत डोकावली. अंधार आणि चिखल. काहीच दिसेना.

पाठीमागून आवाज आला, अधीर, थोडा चिडलेला.

"तठे नही वं! डावा हातले देख."