मी बिघडलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना रॅम्प आहे. बसच्या मागच्या दारात, अगदी जमिनीलगत, मी घडी होऊन पडलेला असतो. चाकाच्या खुर्चीतून कुणी आलं की ड्रायव्हर खाली उतरतो, कडी धरून मला उलटवतो. माझं एक टोक बसमध्ये राहतं, दुसरं फुटपाथवर टेकतं आणि खुर्ची माझ्या अंगावरून वर चढते. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? पण माझ्या जागी दिवसभर पडून बघा, म्हणजे कळेल.

माझी बस एका थीम पार्कची आहे. पार्क एवढं अवाढव्य की राहायची हॉटेलं एका टोकाला, खेळ दुसऱ्या टोकाला आणि मधे भलंमोठं तळं. पायी निघालेली माणसं अर्ध्या वाटेतच मेटाकुटीला येतात. म्हणून आमची बस सकाळपासून गोल गोल फिरत असते आणि तिच्याबरोबर मीही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. वेल्डरने मला बिजागऱ्या जोडल्या, चाक घसरू नये म्हणून अंगावर खरबरीत पट्ट्या चिकटवल्या आणि मला बसमध्ये बसवलं. पहिल्या दिवशी पार्कचे मोठे साहेब आले. माझ्यावर उभं राहून त्यांनी दोन उड्या मारल्या आणि म्हणाले, "वा! दणकट आहे!" माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी फोटोसुद्धा काढला. मी काय फुशारलो म्हणून सांगू! साहेब नंतर कधी फिरकले नाहीत.

पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगायचं? बाबागाड्या, चाकांच्या बॅगा, चिखलाचे बूट. सांडलेलं सरबत माझ्या खाचांत वाळून चिकट झालं. चघळून टाकलेला एक गुलाबी गोळा तर माझ्या कोपऱ्यात बिऱ्हाड करूनच बसलाय. बिजागऱ्यांना तेलाचा थेंब मिळत नाही. तरी मी कधी अडलो नाही, मित्रांनो. कडी ओढली की उघडायचं, एवढं मला ठाऊक.

पण एक गोष्ट मात्र मनाला फार लागली. मला उघडायला ड्रायव्हरला खाली उतरावं लागतं, गर्दीला बाजूला करावं लागतं. रांगेतली माणसं लगेच उसासे टाकतात, घड्याळं बघतात. तिकडून फोनवर मुकादम ओरडत असतो, "कुठे अडकलास रे? उशीर होतोय!" या सगळ्यावर ड्रायव्हर लोकांनी एक सोपा उपाय शोधला. खिडकीतून मान बाहेर काढायची आणि सांगायचं, "रॅम्प बिघडलाय. मागच्या बसने या."

आमचा मिशीवाला ड्रायव्हरही तेच शिकला. माणूस वाईट नव्हता हो. जेवणाचा डबासुद्धा स्टिअरिंगवर ठेवून खायचा बिचारा. पण खोटं ते खोटंच, आणि तेही माझ्या नावावर!

अशातच दोघी जणी आमच्या बसला आल्या. एकीला तिच्या भावाची मुलं आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणतो. आजारपणात तिचे पाय गेले, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती. खुर्ची ढकलायला तिची वहिनी. आत्याचा भाऊ आणि मुलं नेहमी पुढे पळालेली असायची.

आत्याची जीभ भारी तिखट. पहिल्याच दिवशी दोन धट्ट्याकट्ट्या प्रवाशांनी तिला न विचारता खुर्चीसकट उचललं. ती कडाडली, "ठेवा खाली! मी काय कपाट आहे का?" सगळी बस हसली. मला उघडल्यावर ती ऐटीत वर आली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

बसमधल्या बोलण्यातून मला तिची इच्छा कळली. तळ्याकाठी एक उंच आकाशपाळणा आहे. त्याचा एक डबा सपाट तळाचा आहे, खुर्ची सरळ आत जाते. आत्याला त्यात बसायचं होतं.

"वहिनी, हसू नकोस हं," ती म्हणाली. "खुर्चीत बसल्यापासून मला जगात दोनच गोष्टी दिसतात. लोकांचे पट्टे आणि लोकांच्या पिशव्या. एकदा वरून बघायचंय गं सगळं. डोकी बघायची आहेत डोकी!"

"बघाल हो ताई, मी नेते ना," वहिनी म्हणाली.

पण पहिला दिवस आत्याने बाकाशेजारी सगळ्यांच्या बॅगा राखण्यात घालवला. "तू बसलीच आहेस, तर जरा लक्ष ठेव," असं भाऊ सहज म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि पाळणा बंद ठेवला. उरला शेवटचा दिवस. त्याच्या पुढच्या सकाळी सगळे घरी परतणार होते.

त्या संध्याकाळी भाऊ मुलांना घेऊन पुढे गेला होता. हॉटेलच्या थांब्यावर दोघी आमची वाट बघत होत्या. आत्याने केस नीट विंचरले होते. वहिनीचे डोळे मात्र ओढलेले. तीन दिवस चढउतारावर खुर्ची ढकलून तिच्या हातांचे तुकडे पडायची वेळ आली होती.

बस भरलेली होती. फोनवर मुकादम ओरडत होता. मिशीवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. मला आधीच कळलं. मनात म्हटलं, अरे नको रे, आज नको!

"मावशी, रॅम्प बिघडलाय. मागच्या बसने या."

"अहो, पाळणा बंद होईल," वहिनी म्हणाली. "जरा बघा ना काही करता आलं तर."

"माझ्या हातात काय आहे, ताई? वस्तू जुनी झाली."

बस सुटली. मी दारात घडी होऊन पडलेलो, धडधाकट! मला ओरडून सांगायचं होतं, पण पत्र्याला कुठलं तोंड?

मागची बस अशी काही नव्हतीच. दुसरी गाडी दुरुस्तीला गेली होती. पूर्ण फेरी मारून आम्हीच पुन्हा त्या थांब्यावर आलो. आता बस रिकामी होती. मिशीवाला खाली उतरला आणि त्याने कडी ओढली. मी अलगद उघडलो. कुरकुरसुद्धा केली नाही.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. "आत्ता तर बिघडला होता ना?"

"तिकडे दुरुस्त करून घेतला," मिशीवाला म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

वहिनीचा चेहरा लाल झाला. पण भांडायलाही वेळ लागतो, आणि तोच त्यांच्याकडे नव्हता. "चला हो, लवकर चला," एवढंच ती म्हणाली.

तळ्याच्या थांब्यावर उतरताच वहिनी खुर्ची ढकलत जवळजवळ पळालीच. बस तिथे थोडा वेळ थांबते, म्हणून मी उघडाच पडून होतो. थांब्यावरून पाळणा दिसतो. मी बघत होतो. पाळण्याचे दिवे एकेक करून विझले.

दोघी परत आल्या. वहिनी रडत होती. "माझंच चुकलं, ताई. मी त्याच्याशी भांडायला हवं होतं." आत्या मागे वळून अंधारलेल्या पाळण्याकडे बघत होती.

वहिनीने खुर्ची माझ्यावर चढवली. चाकं बसच्या दारापाशी पोचली तेवढ्यात आत्याने ब्रेक लावला. खुर्ची माझ्या वरच्या टोकाशी थांबली.

"चला मावशी, आत घ्या," मिशीवाला म्हणाला.

"थांब रे बाबा जरा," आत्या म्हणाली. तिने मान वळवून थांब्यावरच्या माणसांकडे पाहिलं. "तीन दिवसांत मला चढायला मिळालेली सगळ्यात उंच जागा हीच आहे. बघू दे मला."

केवढा उंच मी? वीत-दीड वीत. मिशीवाला तिथेच उभा राहिला. फोन वाजत होता, त्याने तो उचलला नाही. बघून झाल्यावर आत्यानेच ब्रेक सोडला.

मिशीवाला पुन्हा कधी माझ्या नावावर खोटं बोलला नाही. पण मित्रांनो, ड्रायव्हर बदलतात. आता नवा आलाय. परवाच त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि तेच वाक्य म्हटलं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, हात नसले तरी. तुम्ही रांगेत असाल तर उसासा टाकू नका. आणि कुणी म्हणालं रॅम्प बिघडलाय, तर पुढे व्हा आणि म्हणा, "एकदा ओढून तर बघा." मी दमलोय, मळलोय, पण अजून उघडतो.