राखून ठेवलेली हाक

किशनरावांच्या आवाजाला हदगाव तालुक्यात तोड नव्हती. कयाधूकाठच्या वावरातून त्यांनी "सुकेऽऽ" म्हणून हाक दिली की अंगणातली सुकन्या हातातलं टाकून धूम पळत सुटायची. पोरीला पळायचं वेड लागलं ते आपल्या हाकेपायीच, असं ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे.

आणि ती हाकच आता नडत होती. नांदेडला शर्यतीत बार उडाला रे उडाला की किशनराव कुंपणाला लटकून ओरडायचे, आणि पोरगी पहिल्याच फेरीत जीव तोडून पळायची. शेवटाला पायात गोळे यायचे, मागच्या पोरी बघता बघता पुढे निघून जायच्या. जिल्ह्यातून लातूरच्या विभागीय शर्यतीसाठी निवड झाली तीही कशीबशी.

म्हणून आज लातुरात शर्यतीआधी तिच्या शाळेतल्या मालविका मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं.

"किशनराव, तुमची हाक आली की हिचे पाय माझं ऐकत नाहीत. शेवटच्या फेरीची घंटा वाजेपर्यंत ब्र काढायचा नाही. पहिल्या दोघीच राज्यावर जाणार, आणि पुढच्या वर्षी हिचं वय बसत नाही."

"न्हाई ओरडत, मॅडम. पोरीची शपथ."

शपथ घेणं सोपं होतं. बार उडाला आणि किशनरावांनी खांद्यावरच्या दस्तीचा बोळा तोंडात कोंबला. शेजारचे बाप गळा फाडून ओरडत होते. सुकन्या सहावी होती, फेरीमागून फेरी सहावीच. समोरून जाताना तिनं एकदा वळून पाहिलं. बाप रुसला, असं तर नसेल वाटलं तिला?

पण ती पळत होती कशी! खांदे सैल, श्वास संथ, पाऊल जिथल्या तिथं. आपली लेक इतकी देखणी पळते हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. ओरडण्याच्या नादात त्यांनी तिला कधी धड पाहिलंच नव्हतं.

घंटा वाजली. किशनरावांनी बोळा उपसला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं, पण आवाज म्हणून फुटेना. नुसता आ वासून ते उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सुकन्येनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती सुटली. वळणावर दोघींना मागे टाकलं, सरळ पट्ट्यात आणखी दोघींना. पहिला नंबर थोडक्यात हुकला, पण दुसरी आली.

धापा टाकत ती कुंपणापाशी आली. किशनराव पार ओशाळले होते.

"माय, हाक माराया गेलो, पर निघालीच न्हाई गं."

"असं कसं?" घामानं निथळलेलं कपाळ तिनं त्यांच्या हातावर टेकवलं. "मला तर ऐकू आली, अप्पा."

मग मात्र किशनराव सगळ्यांदेखत मोठ्यानं रडले.