पुढचं त्याचं, मागचं तिचं

बाबांची गाडी दोन दारांची, दोन सीटची आणि लांबलचक नाकाची होती. तिचा मूळ रंग कोणता होता, हे आता फक्त बाबाच सांगू शकत. तरुणपणी त्यांनी ती भंगाराच्या आवारातून दोराने ओढत आणली होती. हयात लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत गेली आणि उरलेला सगळा वेळ त्या गाडीखाली आडवं होऊन गेला. अशा गाड्या एके काळी शर्यतीत पळायच्या. बाबांची कधी पळाली नाही. पण मनात आणलं तर पळेल, एवढ्यावरच त्यांचं समाधान होत असे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा बाबांनी दोन्ही मुलांना बोलावून घेतलं. ताई थोरली. गल्लीच्या टोकाला तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता आणि दिवसभर ती लोकांच्या पाठी-कंबरा सरळ करत असे. धाकटा विम्याचा एजंट, बोलून बोलून समोरच्याला घाम फोडणारा. दोघांनाही गाडी हवी होती. शिवाय ती दुसऱ्याला मिळू नये, हेही हवं होतं.

बाबांनी चार दिवस दोघांचं ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा काढला आणि पेडलांच्या मागे, सीटच्या पुढे, या दारापासून त्या दारापर्यंत गाडीवर एक आडवी रेघ ओढली.

"धाकट्या, तू पहिल्यापासून पुढे पुढे करणारा. पुढचं तुझं. ताई, या घरात मागचं सगळं तूच निस्तरत आलीस. मागचं तुझं. आता माझं डोकं खाऊ नका."

"बाबा, गाडी अशी वाटता येत नाही," ताई म्हणाली.

"का येत नाही? आमच्या वडिलांनी जिना वाटला होता. खालच्या पायऱ्या मला, वरच्या तुमच्या काकाला."

"मग काका वर कसा जायचा?"

"त्याचं तो बघायचा. पण भांडण मिटलं ना."

धाकटा खुशीत होता. इंजिन पुढे, बॉनेट पुढे, दिवे पुढे, स्टीअरिंग पुढे. ताईच्या वाट्याला दोन सीटा, डिकी आणि पेट्रोलची टाकी. त्याने तिला सहानुभूतीही दाखवली. ताईने गुडघे टेकून गाडीखाली पाहिलं आणि मग सावकाश उठून हात झटकले.

"इंजिन तुझंच," ती म्हणाली. "पण ते फिरवतं मागची चाकं. चाकं माझी."

तिथून सगळं सुरू झालं.

धाकट्याने मिस्त्रीला बोलावलं. हा मिस्त्री जुन्या गाड्यांमधला मुरलेला माणूस होता आणि कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. धाकट्याला वेग हवा होता. मिस्त्रीने एका कार्ब्युरेटरच्या जागी तीन बसवले, इंजिनाचं डोकं घासून पातळ केलं, आणि पूर्वी खोकत सुरू होणारं इंजिन आता असं गुरगुरायला लागलं, की शेजारच्यांची ताटं मांडणीवर वाजत. प्रश्न धुराचा आला. धुराचा पाइप मागपर्यंत जातो, म्हणजे तो ताईच्या हद्दीतून जाणार.

"माझ्या हद्दीतून तुझा धूर जाणार नाही," ताईने सांगितलं.

मग मिस्त्रीने पाइप रेघेच्या अलीकडेच वळवून दाराखालून बाहेर काढला. गाडी सुरू झाली, की समोरच्या घरातल्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या होत. त्या तक्रार घेऊन आल्या, तर धाकट्याने त्यांना चादरींचा विमा विकला.

वाढलेल्या ताकदीने पहिल्याच फेरीत ताईचा मागचा अॅक्सल कडाडकन तुटला. धाकटा हसला. म्हणाला, "मागचं दुबळं आहे, त्याला मी काय करणार."

ताईने आयुष्यात असं वाक्य कितीतरी पाठींबद्दल ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी पाठीची बाजू घेतली होती. तिने त्याच मिस्त्रीला बोलावलं. सोमवारी, बुधवारी तो धाकट्याच्या हद्दीत काम करी आणि मंगळवारी, गुरुवारी ताईच्या. इकडचं तिकडे एक अक्षर सांगत नसे. रेघ ओलांडताना पाना खाली ठेवायचा आणि पलीकडे जाऊन दुसरा उचलायचा. ताईने ट्रकचा अॅक्सल टाकायला सांगितला. तो बसला. पण आता मागचं इतकं जड झालं, की धाकट्याने जोर दिला की गाडीचं नाक वर जाऊन आभाळाकडे बघायचं. म्हणून ताईने मागे खाली दोन छोटी चाकं लावून घेतली, दवाखान्यातल्या जुन्या स्ट्रेचरची. धाकट्याने नाक खाली ठेवायला बॉनेटमध्ये लिफ्टची लोखंडी वजनं भरली. ती बाबांनीच दिली. मागितली म्हणून दिली. उद्या ताईने मागितली असती तर तिलाही दिली असती.

राहता राहिला प्रश्न चालवायचं कुणी.

स्टीअरिंग आणि पेडल धाकट्याची, पण सीट ताईची. ती म्हणाली, "बस की. भाडं दे." तो म्हणाला, "मरेन पण देणार नाही." त्याने आपल्या ऑफिसातलं स्टूल आणून रेघेच्या अलीकडे ठोकून घेतलं. तिथे बसलं की स्टीअरिंग बरगड्यांत रुतायचं आणि गुडघे कानांच्या रेषेत यायचे. पण बसायचं ते स्वतःच्या जागेत.

ताईलाही मग स्वस्थ बसवेना. मागची चाकं आपली, तर ती वळवायचीही आपणच. तिने डिकीचं झाकण काढून टाकलं, आत एक सीट बसवली आणि दवाखान्यातल्या व्यायामाच्या सायकलचं हँडल काढून ते मागच्या चाकांना जोडून घेतलं. मिस्त्री त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "ताई, असं कुणी करत नाही." आणि करून दिलं. सायकलवर व्यायाम करायला येणारे एक निवृत्त पोस्टमास्तर पुढचे कित्येक दिवस हात हवेत धरून पेडल मारत राहिले. त्यांना वाटलं, उपचार बदलला असेल.

सीटमध्ये एकच अडचण होती. पुढे तोंड करून बसलं तर पाय ठेवायला जागा नव्हती, पेट्रोलची टाकी आड यायची. म्हणून ताई मागे तोंड करून बसली. मागचे ब्रेक तिच्या पायाशी आले, पुढचे धाकट्याच्या पायाशी. आता गाडीला दोन चालक होते, पाठीला पाठ लावून, मध्ये पांढरी रेघ.

पहिल्या दिवशी धाकटा ओरडला, "डावीकडे घे." ताईने डावीकडे घेतलं. पण तिचं डावं ते त्याचं उजवं. गाडी खेकड्यासारखी तिरपी होऊन गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती एकदमच खरवडत निघाली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत परत टेकवला नाही.

रात्रीच्या जेवणाला दोघांनी आपापली कैफियत मांडली. बाबांनी शांतपणे दोघांचं ऐकलं आणि विचारलं, "पण पळते कशी?"

"पळते," धाकटा म्हणाला.

"छान पळते," ताई म्हणाली. बाबांच्या घरात कित्येक महिन्यांत या दोघांचं एका गोष्टीवर झालेलं हे पहिलं एकमत.

गावाबाहेरच्या घाटात दरवर्षी जुन्या गाड्यांची शर्यत होत असे. एकेक गाडी पायथ्यापासून वर सोडायची आणि सर्वांत लवकर पोचेल ती जिंकली. धाकट्याने पुढच्या अर्ध्याचं नाव दिलं, ताईने मागच्या अर्ध्याचं. शर्यतीच्या सकाळी तपासणीचा अधिकारी गाडीभोवती दोनदा फिरला. गळ्यात शिट्टी असलेला, ऊन न सोसणारा, जाडसर माणूस.

"चालक कोण?" त्याने विचारलं.

"मी," दोघं म्हणाली.

"गाडीला चालक लागतो, असा नियम आहे."

"आहे की. दोन आहेत," धाकटा म्हणाला. "नियमात जास्तीचं काही म्हटलंय का?"

अधिकाऱ्याने नियमांचा कागद उलटापालटा करून पाहिला. मग ताईकडे वळून म्हणाला, "आणि बाई, तुम्ही तिकडे तोंड करून का बसलात?"

"मागचं बघायला कुणीतरी हवं ना."

हे उत्तर त्याला पटलं असावं. त्याने त्यांना सोडलं.

डाव्या-उजव्याचा घोळ आदल्या आठवड्यात मिटला होता. तोडगा ताईचा होता. डावं-उजवं म्हणायचंच नाही, एक तर 'डोंगर' म्हणायचं, नाही तर 'दरी'. धाकटा ओरडे, "डोंगर," की ताई हँडल डोंगराकडे फिरवी. खालच्या वळणांवर गाडी अशी वळली, की कठड्यावर बसलेली माणसं उभी राहिली. पुढची आणि मागची चाकं एकदम वळत असल्याने इतर गाड्यांना जिथे थांबून मागे घ्यावं लागत होतं, तिथे ही गाडी ताटात भाकरी फिरवावी तशी जागच्या जागी फिरली. ताईला वर कसं चढतोय हे दिसतच नव्हतं. तिला दिसत होतं ते सगळं मागे पडणारं: रस्ता, कठडा, माणसं, लहान होत जाणारा अधिकारी. तिला वाटलं, हे वाईट नाही.

"दरी," धाकटा ओरडला. मग लगेच, "डोंगर."

आणि मग जे व्हायचं होतं ते झालं. वजन कमी करायला धाकट्याने रेघेच्या अलीकडचा पत्रा तासत नेला होता. ताईने पलीकडचा तासला होता. मिस्त्रीने दोघांच्या सांगण्याप्रमाणे केलं होतं आणि एकाचं दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. मधोमध नुसती रेघच उरली होती, तीही रंगाची. सर्वांत उभ्या चढावर धाकट्याने होती नव्हती ती सगळी ताकद सोडली, आणि गाडी रेघेवर, अगदी सरळ, दुभंगली.

धाकट्याला ते कळलं नाही. त्याने नंतर कबूल केलं, की त्याला फक्त गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वाटली आणि त्याला आनंद झाला. इंजिन दुप्पट आवाजात फिरत होतं. पुढचा अर्धा होत्या वेगाने जरासा वर गेला, बूड टेकून खरडत थांबला, तरी तो त्या धुरात स्टीअरिंग फिरवत "डोंगर", "दरी" ओरडत होता.

ताईला मात्र लगेच कळलं, कारण मागे पडणारा रस्ता थांबला. क्षणभर सगळं स्थिर झालं. मग मागचा अर्धा स्ट्रेचरच्या चाकांवर रेलला आणि उताराला लागला. आता ताईचं तोंड बरोबर जायच्या दिशेला होतं. हातात हँडल होतं, पायाखाली ब्रेक होते, चारही चाकं तिची होती आणि कानामागे कुणी ओरडत नव्हतं. पहिल्या वळणावर ती घाबरली. दुसऱ्यावर तिने ब्रेक सोडून पाहिला. तिसऱ्या वळणावर कठड्यावरची माणसं पुन्हा उभी राहिली, आणि त्यांच्या टोप्या उडाल्या की त्यांनी उडवल्या, हे बघायला तिला वेळ नव्हता.

पायथ्याशी तिने गाडी अधिकाऱ्याच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबवली.

अधिकाऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वर घाटाकडे. "दुसरा चालक?"

"येईल."

धाकटा चालत आला. तोंड काजळीने काळं, बरगड्यांवर हात. तो येऊन मागच्या अर्ध्यापाशी रस्त्याच्या कडेला बसला. ताई उतरून त्याच्या शेजारी बसली आणि तिने सवयीने त्याची पाठ चाचपली.

"लागलंय का?"

"नाही. तुला?"

"मला काय होणार. मी मजेत होते."

पुढच्या अर्ध्याला ओढून खाली आणायला पाण्याचा टँकर बोलावला होता. तो यायला वेळ होता. शर्यत संपली, लोक पांगले. धाकटा बराच वेळ स्ट्रेचरच्या चाकांकडे बघत बसला होता.

"कसं वाटतं गं, डिकीत बसून?" त्याने विचारलं.

ताई उठून उभी राहिली. मग म्हणाली, "ऊठ, ढकलू लाग."

दोघांनी मिळून मागचा अर्धा पहिल्या वळणापर्यंत वर ढकलला. ट्रकच्या अॅक्सलचं वजन काय असतं, ते धाकट्याला तेव्हा कळलं. वर पोचल्यावर तो डिकीत तिच्या शेजारी अंग चोरून बसला. खाली येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, जे त्याच्या बाबतीत आजवर झालं नव्हतं. खाली आल्यावर म्हणाला, "अजून एकदा." दुसऱ्या वेळी दुसऱ्या वळणापासून आली. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, "हँडल मी धरू?"

"धर," ती म्हणाली. "ब्रेक माझ्याकडे."

अधिकारी लांबून शिट्टी वाजवत आला. रस्ता बंद झाला आहे, शर्यत संपली आहे, असली वाहनं घाटात चालवता येत नाहीत, आणि मुळात हे वाहन आहे की नाही हेच त्याला ठरवता आलेलं नाही, असं सगळं तो चालता चालता बोलत होता. जवळ येऊन तो थांबला. दोघंही घामाने निथळत गाडी वर चढवत होती. त्याने डिकीतल्या सीटकडे पाहिलं.

"तीन माणसं मावतील का यात?" त्याने विचारलं.

"ढकललं तर मावतील," ताई म्हणाली.

त्याने कोट काढून कठड्यावर टाकला आणि खांदा लावला. तेवढ्यात टँकर आला. त्याच्या चालकाने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि नेमकं काय चाललंय हे बघायला त्यांच्या मागोमाग घाट चढू लागला.