बदकाचा ठसा

मित्रांनो, मी लोण्याच्या वडीवर उमटवायचा एक जुना लाकडी ठसा आहे. वेनलो गावच्या बाजारात आता गावाच्या आठवणींचं दालन आहे. तिथे मी काचेच्या पेटीत असतो. मुलं आली की दालनाच्या बाई कौतुकाने सांगतात, "या बदकाखाली कधी परकं लोणी आलं नाही." ते ऐकून मला मान खाली घालावीशी वाटते. पण ठशाला मान नसते.

हेस्टरशी लग्न ठरलं तेव्हा एनॉक पगने मला कोरलं. त्याला हंस करायचा होता. हेस्टर पाहून हसतच सुटली. "अरे एनॉक, हे तर बदक झालं! आणि तेही पोटभर जेवलेलं."

तेव्हापासून गुरुवारच्या बाजारात तिचं लोणी 'बदकाचं लोणी' झालं. दगडी खांबांच्या छपराखाली बायका टोपल्या मांडून बसत. प्रत्येक घरचा ठसा वेगळा असे, आणि गिऱ्हाईक नाव न विचारता ठसा बघून वडी उचले. हेस्टर मला आधी गार पाण्यात बुडवी, मग हलकेच दाबी. लोणी जरा आंबट झालं तर ती ते डुकरांना घाली. माझ्याखाली आणत नसे.

एका हिवाळ्यात हेस्टर तापाने गेली. एनॉकने तिचा एप्रन खुंटीवरून काढलाच नाही. गाईंचं दूध तो काढी, पण घुसळायला बसला की हात थांबत. बाजारातली तिची जागा रिकामी दिसली तर दुसऱ्या कुणाला जाईल, याची त्याला धास्ती होती. शेवटी त्याने कारखान्याचं लोणी विकत आणलं, वड्या थापल्या आणि मला त्यांवर दाबलं. कोरडाच. लोणी मला चिकटलं आणि वडीवरच्या बदकाची चोच गेली.

गुरुवारी हेस्टरच्या जुन्या गिऱ्हाईक टिमिन्सबाई आल्या. बोटावर लोणी घेऊन त्यांनी चाखलं.

"तिचंच आहे, बाई. जाण्याआधी घुसळून ठेवलेलं," एनॉक म्हणाला.

टिमिन्सबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी वडी उलटी केली आणि ठसा खाली करून परत त्याच्या टोपलीत ठेवली. "तिला कशाला यात ओढतोस, एनॉक?" एवढंच हळू म्हणाल्या.

शेजारच्या बाया दुसरीकडे बघू लागल्या. एनॉकचे कान लाल झाले. त्याने टोपलीवर फडकं ओढलं. मी टोपलीच्या तळाशी होतो. लाजेने माझं लाकूड तडकेल असं वाटलं.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला, तिच्याच जागेवर बसला. लोणी ओबडधोबड होतं आणि त्यावर काहीच उमटवलेलं नव्हतं.

"बदक कुठाय?" टिमिन्सबाईंनी विचारलं.

"ते तिचं होतं. हे मी घुसळलंय. फार चांगलं नाही."

बाईंनी चाखून तोंड वाकडं केलं. "मीठ घातलंस की पोतं उलटं केलंस?" मग पिशवी पुढे केली. "दे एक."

त्यानंतर मी लोण्यावर कधी उमटलो नाही.

मित्रांनो, कधी कधी बाई मला पेटीतून काढून तुम्हाला मातीच्या गोळ्यावर दाबायला देतात. खुशाल दाबा, पण आधी पाण्यात बुडवा. आणि तुमच्या हातचं काम ओबडधोबड निघालं, तर ते तसंच, तुमचं म्हणून पुढे करा. गेलेल्या माणसाचं नाव त्यावर दाबू नका. नको म्हणायला ते माणूस परत येत नाही.