दोन विहिरी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाण्यांचा नव्हे हो, मोजण्याचा! तीस मीटर लांब, पिवळा, कापडी. उमरीजवळच्या एका शाळेत खेळाच्या सामानाबरोबर आलो, तेव्हा माझा थाट काय विचारता! कबड्डीचं मैदान आखायचं तर मी, लांब उडी मोजायची तर मी. भांडण जुंपलं की सगळे माझ्याकडे बघायचे आणि गप्प व्हायचे. पुढे स्टीलचा नवा टेप आला आणि माझी रवानगी कपाटात झाली, फुटक्या कॅरम बोर्डाखाली. सहा वर्षं कुणी धूळही झटकली नाही. खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटायचं.

यंदा फेब्रुवारीत भूगोलाच्या मार्तंड सरांनी मला बाहेर काढलं. माझ्या टोकाला लोखंडी नट बांधला आणि नववीच्या वर्गाला सांगितलं, की पुस्तकातले आलेख पुरे झाले, आता आपल्या विहिरींचा आलेख काढू. शाळेमागेच उर्वीचं आणि यज्ञेशचं शेत, बांधाला बांध लागून. दोघांनी पंधरा दिवस रोज संध्याकाळी पाचला आपापल्या विहिरीत मला सोडायचं आणि काठापासून पाणी किती खोल ते लिहायचं. उर्वीचे आजोबा शेषेराव काठाशी लक्ष ठेवून उभे राहायचे. कधी पाणी सात मीटरवर लागायचं, कधी पार नऊवर. मला तर पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं!

सोळाव्या दिवशी सरांनी फळ्यावर दोन आलेख काढले. उर्वीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली, यज्ञेशची मात्र हळूहळू उतरलेली, गुळगुळीत. मी चाटच पडलो! त्याच्याही विहिरीत मी कधी सातपर्यंत, कधी नऊपर्यंत गेलो होतो. पण टेपला तोंड कुठे असतं?

वर्ग हसला. उर्वीने आकडे घरी बसून ठोकून दिले, असंही कुणी म्हणालं. सर म्हणाले, जमीन एक, पाऊस एक, मग एवढा फरक कसा? तिने आज पुन्हा मोजावं आणि उद्या कारण सांगावं, नाहीतर तिची विहीर भिंतीवरच्या तक्त्यात येणार नाही. पोरीचे डोळे भरून आले.

संध्याकाळी मोजून झाल्यावर ती वही घेऊन ओट्यावर बसली आणि तिने चक्क खोडरबर उचललं. अगं बाई, नको ना! मी मनातल्या मनात ओरडत होतो. खोडरबर पहिल्या आकड्यावर टेकलं आणि थांबलं. मग तिने तारखांपुढे वार लिहायला घेतले. पाणी खाली गेलेले सगळे दिवस सोमवार, मंगळवार, बुधवार! ती धावतच आजोबांकडे गेली.

"आबा, सोमवारी पाणी खाली का जातं?"

"त्यात काय? सोमवार ते बुधवार दिवसाची लाईट असती. दिवसभर मोटार चालून राहिली म्हनल्यावर पानी खालीच जाईल की. बाकीचे दिवस लाईट रातची. मग दिवसभरात झरे भरून काढतेत."

दुसऱ्या दिवशी उर्वीने फळ्यावर दिवसाच्या लाईटचे वार लाल केले, रात्रीच्या लाईटचे निळे. लाल ठिपके सगळे खाली, निळे सगळे वर! शेतकऱ्यांची पोरं माना डोलवायला लागली. एवढ्यात यज्ञेश उभा राहिला.

"सर, माझ्या विहिरीचं पानीबी असंच उड्या मारत होतं. मला वाटलं मीच चुकून राहिलो. म्हणून आकडे सरळ केले."

सर रागावले नाहीत. ती गुळगुळीत रेघ पाहून आपणही फसलो, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, डस्टरने ती पुसली आणि मला यज्ञेशच्या हातात दिलं. आज बुधवार, मग संध्याकाळी यज्ञेशच्या विहिरीत पाणी किती खोल असेल, असं त्यांनी विचारलं. सगळा वर्ग एकदम म्हणाला, नऊ मीटर!

पाचला अख्खी नववी शेषेरावांच्या मागे बांधावर उभी. मी खाली खाली गेलो आणि नट पाण्याला लागला. नऊ मीटर दहा! काय गलका झाला म्हणून सांगू! यज्ञेशने आकडा लिहिला आणि वही उर्वीपुढे धरली. तिने वाचून मान हलवली.

मित्रांनो, भिजलेला टेप पुसून गुंडाळून ठेवा, एवढं माझ्यासाठी करा. आणि मी दाखवलेला आकडा पटला नाही, तर माझ्यावर खुशाल चिडा, मला चार वेळा विहिरीत सोडा. पण तो खोडू नका रे.