वाढत्या अंगाचं बाइंडिंग

मित्रांनो, मी एक जुनं बाइंडिंग आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझं नावही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाखाली लांब फळ्या लावतात, त्यांना स्की म्हणतात. बूट आणि स्की एकत्र धरून ठेवतं ते बाइंडिंग. पण धरणं हे माझं अर्धंच काम. माणूस पडला, की पाय पिरगळण्याआधी बूट सोडून देणं हे उरलेलं अर्धं. किती जोर आला की सोडायचं, हे माझ्या अंगावरच्या छोट्या खिडकीतला आकडा ठरवतो.

माझा जन्म आल्प्सच्या पायथ्याशी एका कारखान्यात झाला. बाहेर सारखा बर्फ पडत असे आणि मला वाटे, उद्या आपण तिथेच जाणार. नशिबात मात्र बहरीन होतं. तिथे बर्फ मिळतो तो सरबतात. मनामातल्या मसूदाबाईंच्या दुकानात मी दोन वर्षं काचेच्या कपाटात बसून होतो. एसीची झुळूक आली की मला पांढरे डोंगर दिसत, ढगांसारखे, हळूहळू सरकणारे.

एक दिवस शिरीष आले. मूळचे पुण्याचे, पेशाने इंजिनिअर, राहायला रिफाला. त्यांची तेजस्वी तेरा वर्षांची होती. बहरीनमध्येच जन्मलेल्या या मुलीने बर्फ कधी पाहिला नव्हता, पण लहानपणापासून वह्यांच्या मागच्या पानांवर ती बर्फाचेच डोंगर काढत असे. फेब्रुवारीत घरातले तिघेही बर्फात स्की करायला जॉर्जियाला जाणार होते.

शिरीषनी माझी निवड सहज केली नव्हती. तीन महिने ते एक्सेलमध्ये तक्ता भरत होते. दाबून सपाट केलेल्या वाटेवर स्कीच्या कडेवर भार देऊन वळावं लागतं, तिथे पकड पक्की हवी. ताज्या भुसभुशीत बर्फात रुंद स्की लागते, म्हणून बूट सुटल्यावर ती घसरत जाऊ नये यासाठीचा ब्रेकही तेवढाच रुंद हवा. तेजस्वीला दोन्हीकडे जायचं होतं आणि माझ्यात दोन्ही गुण होते. तक्ता अगदी देखणा झाला होता. फक्त तेजस्वीचं वजन त्यात नव्हतं.

ते मसूदाबाईंनीच विचारलं. अडतीस किलो ऐकून त्यांनी मान हलवली. "भाईसाब, बच्ची को ढाई नंबर चाहिए. ये तो पाँच से शुरू होता है."

"बढती उम्र है, मॅडम. दो साल में बराबर हो जाएगा," शिरीष म्हणाले.

आता यात नवल ते काय? या घरात फ्रॉकची खालची कड तीन बोटं दुमडलेली असे आणि बुटाच्या टोकात कापूस असे. घरी गेल्यावर हेमाताई, म्हणजे तेजस्वीची आई, म्हणाल्याच, "शिरीष, हा काय शाळेचा युनिफॉर्म आहे, दुमडून वापरायला?"

"अगं, घट्ट असलेलं बरं. पोरीच्या पायातून मध्येच सुटलं तर?"

मला बोलता आलं असतं, तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सराव करायला सगळे सखीरच्या वाळवंटात गेले. हवा गार होती, दूरवर सहलीचे तंबू लागले होते, वाळूवर पातळ धुकं पसरलं होतं. तेजस्वीने मला पायाखाली घेतलं आणि उतारावरून निघाली. मित्रांनो, ते सुख काय सांगू! पायाखालची वाळू कुजबुजत होती, धुकं अंगावरून जात होतं. मला वाटलं, हाच तो बर्फ. आपण पोचलो.

तेवढ्यात स्कीचं टोक रुतलं. तेजस्वी आडवी पडली, तिचा डावा पाय वळला, आणि मी सोडलं नाही. मी पाचावर होतो. तिचा सगळा जोर लागला तरी तो मला पुरेना. तिची किंकाळी ऐकून शिरीष अनवाणी धावत आले. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

गुडघ्यातला स्नायुबंध ताणला होता, तुटला नव्हता. महिनाभर विश्रांती घेतली तर जायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण शिरीष हबकले होते.

"खलास. तिथे फक्त बर्फ बघायचा. स्कीला हात लावायचा नाही."

तेजस्वी रडली नाही. ती म्हणाली, "बाबा, माय लेग इज फाइन. तुम्ही राँग साइझ घेतला, अँड आय कान्ट गो?"

 शिरीषनी वजनाचा काटा काढला, तिला त्यावर उभं केलं आणि आकडा कागदावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी मसूदाबाईंच्या दुकानात त्यांनी तो कागद पुढे केला. तेजस्वीसाठी लहान, हलकी जोडी आली. मला रुंद स्कीवर बसवून शिरीषच्याच वजनाचा आकडा लावला. लेकीच्या मागोमाग राहायला त्यांनाही शिकणं भाग होतं.

जॉर्जियात तेजस्वी पहिल्याच दिवशी सात वेळा पडली. सातही वेळा तिची बाइंडिंगं वेळेवर सुटली आणि ती हसत उठली.  चौथ्या दिवशी शिक्षिकेच्या मागून ती वाटेकडेच्या ताज्या बर्फात शिरली. शिरीष घाईघाईने मागे गेले आणि दहा पावलांवर कोलमडले. खट्‌! मी सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं पूर्ण काम केलं. ते बर्फात उताणे पडले होते, आणि वरून इतका सावकाश बर्फ पडत होता की जणू कुणालाच कसली घाई नव्हती.

"बाबा, आर यू ओके?"

"काही झालं नाही गं. तू हो पुढे."

ती गेली. ते पडल्या पडल्या तिला बघत राहिले, दिसेनाशी होईपर्यंत.

आता माझी स्प्रिंग थकली आहे आणि मी रिफातल्या एका कपाटात पडून असतो. तेजस्वी मोठी झाली आहे. जिना उतरताना डाव्या पायावर ती जरा जपून भार देते. कुणाच्या लक्षात येत नाही, मला येतं. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं. आमच्यातली वाळू झटका, दर हिवाळ्यात आम्हाला तपासून घ्या, आणि समोर आज जी मुलगी उभी आहे तिच्याच मापाचं घ्या. उद्याचं बाइंडिंग उद्या विकत मिळतं. गुडघा तोच जन्मभर वापरायचा असतो.